एक्झामिनर सीआयडीतला नसतो

वली औरंगाबादी 1700 साली दिल्लीला गेला, तेव्हा वेशीवर त्याला कुणी भाषेच्या परीक्षेचा बँड विचारला नाही. गड्यानं इथली दखनी वळणाची भाषा सोबत नेली आणि फारसीत लिहिण्याचा ताठा असलेल्या दिल्लीच्या शायरांना ऐकवली. पुढं 1720 च्या सुमारास त्याचा दीवान तिकडं पोचला, तेव्हा तेच शायर फारसी बाजूला ठेवून त्याच्यासारखं लिहायला लागले. परमुलखात जाऊन तिथल्याच लोकांना बोलायला शिकवणाऱ्या माणसाचं हे गाव. त्याच गावातली पोरं आज जालना रोडवर, मोबाइलच्या दुकानाच्या डोक्यावर, इंग्रजीच्या क्लासच्या काचेच्या खोलीत बसून 'तुम्हाला फुलं आवडतात का?' या प्रश्नाचं उत्तर पाठ करतात.

माझा भाचा त्यातलाच. मूळचा परभणीचा, मेकॅनिकल इंजिनिअर. वाळूजच्या कंपनीत दोन वर्षं शिफ्ट केल्या आणि आता आमच्याकडं सिडकोत राहून आयर्लंडला जायची तयारी करतोय. आयर्लंडच कामून, असं आमच्या आईनं विचारलं तर म्हणाला, "आजी, तिथं इंग्रजी बोलतात." आई म्हणाली, "मग तुला तिथं कोण घेईल?" माणसाला मुळापासून ओळखणारी माणसं घरात असणं हा तयारीतला पहिला अडथळा.

तर त्याला हवेत आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत साडेसहा बँड, म्हणजे गुण. हे प्रकरण 1989 पासून चालू आहे. ऐकणं 30 मिनिटं, वाचणं 60 मिनिटं, लिहिणं 60 मिनिटं आणि बोलणं 11 ते 14 मिनिटं. फी सतरा-अठरा हजाराच्या घरात. निकाल दोन वर्षं चालतो, त्यानंतर तुमचं इंग्रजी विटलं असं समजतात. पहिल्या तीन भागांची इथं कुणाला धास्ती नाही. ऐकणं, वाचणं, लिहिणं ही कामं तोंड मिटून करायची असतात आणि बालवाडीपासून 'गप बस' ऐकत वाढलेल्या पोरांना ती सवयीनं जमतात. घोडं अडतं ते चौथ्यात.

आता गंमत बघा. हा भाचा गप्प बसणारा प्राणी नाही. टीव्ही सेंटरच्या चहाच्या टपरीवर भारतीय संघाची मधली फळी या विषयावर तो पाऊण तास बोलतो, कुणी विचारलेलं नसताना. शहागंजात जीन्सचा भाव करताना मराठीत सुरू होतो, हिंदीत चढतो आणि 'नक्को भाई, इत्ते में नै होता' असं दखनीत उतरून शंभर रुपये कमी करून आणतो. त्यासाठी तयारीला एक मिनिट आणि कागद-पेन्सिल मागत नाही. पण समोर अनोळखी माणूस बसवा आणि त्या माणसाला शांत आवाजात विचारू द्या, 'तुमच्या खोलीबद्दल सांगा'. संपलं.

पुष्कळ दिवस मला वाटत होतं की अडचण इंग्रजीची आहे. म्हणून एकदा हेच प्रश्न मी त्याला मराठीत विचारले. "तुला संगीत आवडतं का?" "हो." "का आवडतं?" "आवडतं की." "लहानपणी कुठली जागा आवडायची?" "काय माहीत. परभणी." "सुट्टीत काय करतोस?" "काही नाही, निवांत." मराठीत त्याला मी साडेतीन बँड दिले असते.

औरंगपुऱ्यातल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेला बसलेल्या कुठल्याही पोराला विचारा, अजिंठा कधी उजेडात आलं? एप्रिल 1819, जॉन स्मिथ, मद्रास पलटणीतला इंग्रज अधिकारी, वाघाच्या शिकारीला निघाला होता. पापणी लवायच्या आत उत्तर. तेच अजिंठा जालना रोडवरच्या काचेच्या खोलीत येतं, तेव्हा प्रश्न असतो, अजिंठा बघून तुम्हाला काय वाटलं? इथं पोरगं बसतं. चौथीच्या सहलीत गेलो होतो, उन्हात चालून पाय दुखले, डब्यातला दहीभात आंबला, रांग मोडली म्हणून सरांनी पाठीत घातली आणि पहिल्या लेण्यातला पद्मपाणी पुढच्या मुलाच्या डोक्यामुळं दिसला नाही. हे सगळं वाटलेलंच आहे आणि इंग्रजीत सांगितलं तर एक्झामिनर खूष होईल. पण पोराला ते उत्तर वाटतच नाही. त्याला वाटतं उत्तर म्हणजे 1819. 'तुला काय वाटतं' हा प्रश्न आमच्या घरांत फक्त भांडणात येतो: तुला काय वाटतं, मी मूर्ख आहे?

काचेच्या खोलीतल्या सरांना हा आजार चांगला माहीत आहे. सर स्वतः कधी परदेशात गेलेले नाहीत, पण परदेशी माणसाला काय आवडतं याचा त्यांचा अभ्यास दांडगा. त्यांचं पहिलं सूत्र असं की एका शब्दाचं उत्तर म्हणजे आत्महत्या. उत्तर द्यायचं, त्याला कारण जोडायचं, कारणाला उदाहरण जोडायचं. भाच्यानं हे मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या बायकोनं विचारलं, "चहा घेतोस का रे?" तर म्हणाला, "हो मामी, मला चहा आवडतो, कारण त्यानं ताजंतवानं वाटतं. उदाहरणार्थ, काल मी चहा घेतला तेव्हा..." तोवर चहा उतू गेला. चार दिवस घरात कुणी त्याला प्रश्नच विचारला नाही. पाचव्या दिवशी रिक्षावाल्यानं 'किधर जाना?' विचारलं, तेव्हा त्यानं क्रांती चौक, जाण्याचं कारण आणि मागच्या वेळचा अनुभव असं तिन्ही सांगितलं. रिक्षावाल्यानं मीटर टाकलं नाही. ते इथं तसंही कोणी टाकत नाही.

परीक्षेत पहिला प्रश्न नावाचा असतो आणि दुसरा गावाचा. त्यात काय एवढं, असं कुणाला वाटेल. पण आमच्या गावाचं एका दमात सांगता येत नाही. पासपोर्टवर औरंगाबाद, नव्या कागदावर छत्रपती संभाजीनगर. त्याआधी मलिक अंबरानं 1610 मध्ये वसवलेलं खडकी, मग त्याच्या मुलाच्या नावानं फतेहनगर. एका पोरानं सरावात हे सगळं सांगितलं. सरांनी घड्याळ बघितलं. पहिला भाग चार-पाच मिनिटांचा असतो, त्यातली तीन गावातच गेली. सरांनी नियम करून टाकला की गावाचं नाव एकदा घ्यायचं, लगेच 'नियर अजंता-एलोरा' म्हणायचं आणि तिथून सटकायचं. परदेशी माणसाला बाकी सगळं पुढं गूगलवर सापडतं.

मग येतात वाक्प्रचार. सरांनी प्रत्येकाला पंचवीस छापील वाक्प्रचारांचा कागद दिलाय. त्यातला 'वन्स इन अ ब्लू मून' हा वर्गाचा लाडका. तुम्ही किती वेळा सिनेमा बघता? वन्स इन अ ब्लू मून. पुस्तकं वाचता? वन्स इन अ ब्लू मून. दात घासता? एका पोरानं सवयीनं तेच ठोकलं. पण एक सांगतो, हा वाक्प्रचार या शहराइतका कुठंच फिट बसत नाही. तुमच्याकडं नळाला पाणी किती वेळा येतं, असं एक्झामिनरनं विचारलं तर उत्तर तयार आहे आणि व्याकरणासकट खरं आहे. जायकवाडी धरण हाकेच्या अंतरावर भरलेलं असतं आणि इथं चार-पाच दिवसांनी, कधी आठवड्यानं नळ ओला होतो. इंग्रजांना हा वाक्प्रचार सुचला तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर सिडकोतल्या पाण्याच्या वेळापत्रकाचा कागद असावा.

खरी मौज दुसऱ्या भागात. तिथं एक कार्ड देतात. कार्डावर विषय असतो आणि खाली तीन-चार मुद्दे. विचार करायला एक मिनिट, कागद, पेन्सिल. मग एक ते दोन मिनिटं एकट्यानं बोलायचं, समोरचा मान डोलावण्यापलीकडं काही करत नाही. विषय असे: तुम्हाला मिळालेली खास भेटवस्तू. तुम्ही कधीच विसरणार नाही असा प्रवास. पाण्याच्या काठावर घालवलेला दिवस. तुमचा छंद. आता मला सांगा, वाळूजला तीन शिफ्टमध्ये काम करणाऱ्या, त्याआधी चार वर्षं इंजिनिअरिंगचे पेपर काढणाऱ्या आणि त्याआधी दोन वर्षं बारावी नावाच्या कोठडीत असलेल्या पोराला छंद कुठून असणार? भेटवस्तू म्हणाल तर मुंजीत नऊ भिंतीवरची घड्याळं आणि चार लेमन सेट आले होते. ते पुढच्या मुंजींना गेले. न विसरण्याजोगा प्रवास म्हणजे एसटी, उभ्यानं. हे कार्ड इंग्रजी तपासत नाही, तुम्ही जगलात का ते तपासतं.

इथं सरांचं दुसरं सूत्र कामाला येतं आणि ते त्यांनी फळ्यावर कायमचं लिहून ठेवलंय: एक्झामिनर सीआयडीतला नसतो. म्हणजे खोटं बोला. ओघ, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार, या चार गोष्टींना सारखे गुण आहेत. खरेपणाला शून्य. नसलेली गिटार वाजवा, नसलेल्या मित्राबरोबर गोव्याला जा, एक्झामिनर काही हॉटेलचं बिल मागत नाही. गप्प राहणं मात्र महापाप. एवढं कळल्यावर वर्गात जी काही सर्जनशीलता उसळली ती अवर्णनीय होती. आठ दिवसांत एकेक पोरगं वाढून कुठल्या कुठं गेलं. कुणी वेरूळला फोटोग्राफी करायला लागलं, कुणी अनाथाश्रमात शिकवायला लागलं. पण खोटं बोलायलाही अनुभव लागतो. सगळ्यांनी सरांच्या नोट्समधलंच खोटं उचललं, आणि तेही पुढं टेलिग्रामवरून गावभर गेलं. त्यामुळं आज या शहरातल्या सरासरी उमेदवाराचं आयुष्य असं आहे: त्याला दहाव्या वाढदिवसाला आजीनं मनगटी घड्याळ दिलं. ती प्रेमळ होती. तिनं त्याला वेळेचं महत्त्व शिकवलं. आता ती या जगात नाही.

आजी का मेली, असा प्रश्न मला पडला. भाच्यानं सरांचं उत्तर सांगितलं आणि मी सरांना मनातल्या मनात हात जोडले. जिवंत आजीबद्दल बोलायचं तर ती राहते, राहत आली आहे, राहत असायची, पूर्वी राहिलेली होती, आता आमच्याकडं असते, असे पाच-सहा काळ लागतात आणि प्रत्येकात पाय घसरायची सोय आहे. मेलेल्या माणसाचा एकच काळ असतो. ती होती, तिनं दिलं, तिनं शिकवलं, ती गेली. चूक व्हायला जागाच नाही. अर्ध्या बँडासाठी या शहरात किती आज्या धारातीर्थी पडल्या असतील याची नोंद कुठल्याच महापालिकेत सापडायची नाही.

आमची आई मात्र शेजारच्या खोलीत जिवंत होती आणि लसूण सोलत होती. भाचा मोठमोठ्यानं सराव करत होता. तिला इंग्रजी येत नाही, पण 'ग्रँडमदर' कळतं आणि सूर कळतो. तिनं नातीला बोलावून विचारलं, "काय म्हणतोय गं हा माझ्याबद्दल?" नातीनं इमानदारीत सांगितलं. मला वाटलं आता रडारड. आई उठून त्याच्या दारात गेली आणि म्हणाली, "कशानं गेले म्हणे मी?"

ते नोट्समध्ये नव्हतं. भाचा म्हणाला, "तसं काही दिलं नाही."

"दिलं नाही म्हणजे? माणूस गेलं तर कशानं गेलं हे कुणीबी पहिल्यांदा विचारतं. आणि घड्याळ? मी तुला घड्याळ कधी दिलं? मला तर वेळ बघता येत नाही बिनचष्म्याची." मग तिनंच सुचवलं की घड्याळ काढ, तांब्याची कळशी घाल, मरण्याचं कारण रझाकारांच्या धावपळीत लागलेला दम असं सांग, ऐकणाराला जरा वाईट वाटेल. दोन मिनिटांचा विषय तिनं वीस मिनिटं चालवला. त्यात तिचं माहेर आलं, पैठणची यात्रा आली आणि शेवटी वडील आले. तिचे वडील निजामाच्या तहसिलीत कारकून. कारभार उर्दूत, 1918 ला निघालेलं हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठही उर्दूतच शिकवत होतं, म्हणून घरची मोडी बाजूला ठेवून ते उर्दू लिहायला शिकले आणि साहेबासमोर उभं राहून खडाखड बोलून नोकरी मिळवली. पुढं 17 सप्टेंबर 1948 ला निजाम शरण आला आणि कचेरीतली भाषाच बदलली. "शिकलेलं सगळं एका दिवसात गेलं," आई म्हणाली. भाच्याला तेवढ्यात दोन वर्षांची मुदत आठवली. पणजोबांची बरी टिकली होती, असं तो पुटपुटला.

कार्डाचा आणखी एक हमखास विषय म्हणजे ऐतिहासिक वास्तू. इथल्या पोरांना ही लॉटरीच वाटते, कारण बीबी का मकबरा दारात आहे. एक मुलगी जरा जास्तच अभ्यासू होती. तिनं दिलरास बानू बेगमच्या त्या कबरीचा खर्च तवारिखेतून पाठ केला: 6,68,203 रुपये 7 आणे. मला विचाराल तर हा आकडा म्हणजे या शहराचा स्वभाव आहे. बेगमेची कबर बांधायची, पण सात आण्यांचाही हिशेब सोडायचा नाही. सरावाला बसल्यावर तिच्या लक्षात आलं की परदेशी माणसाला लाख कळत नाही. मग ती सिक्स हंड्रेड अँड सिक्स्टी-एट थाउजंड वरून निघाली, टू हंड्रेड अँड थ्रीला जरा थांबली आणि आणे म्हणजे काय हे समजावत असताना दोन मिनिटं झाली. मकबऱ्याच्या आत ती शेवटपर्यंत गेलीच नाही.

दोन मिनिटं झाली की एक्झामिनर 'थँक यू' म्हणून मधेच थांबवतो. हे पोरांच्या फार जिव्हारी लागतं. आपल्याकडं समारंभात कुणाला असं थांबवत नाहीत. 'मी दोनच शब्द बोलणार आहे' म्हणून उठलेला पाहुणा पाऊण तास बोलतो. आयोजक चिठ्ठी पाठवतात, तो ती वाचून खिशात घालतो आणि 'आता शेवटचा मुद्दा' म्हणून आणखी वीस मिनिटं घेतो. भाच्याला त्या थँक यूची सवय व्हावी म्हणून मी घरी मोबाइलवर वेळ लावून त्याला थांबवायला लागलो. त्याची सवय काही झाली नाही. पण आईला आणि शेजारच्या काकूंनाही मी चुकून तसंच थांबवलं आणि काकू अजून बोलत नाहीत.

तिसऱ्या भागात मतं लागतात. सरकारनं सार्वजनिक वाहतुकीवर खर्च करावा का, मोठे प्रकल्प का रखडतात, म्हाताऱ्यांनी मुलांजवळ राहावं का. सराव करायला जोडीदार हवा, म्हणून भाचा व्हॉट्सॲपच्या एका गटात शिरला. तिथं त्याला ताश्कंदचा एक मुलगा मिळाला. त्यालाही आयर्लंडला जायचंय. दोघंही सगळ्यांशी आपापल्या भाषेत बोलतात आणि एकमेकांशी मात्र फक्त मोठ्या विषयांवर. रात्री अकराला घरात रेंज मिळत नाही म्हणून भाचा गच्चीवर जातो आणि अंधारात येरझाऱ्या घालत 'आय कम्प्लीटली अंडरस्टँड युवर पॉइंट' म्हणतो. गल्लीचा पक्का समज झाला की पोरगं प्रेमात आहे आणि मुलगी बाहेरची आहे.

तो समज एका रात्री फिटला. पाणी दीडला आलं. पाणी आलं की आमच्या गल्लीत कुणी झोपत नाही. मोटारी, पाइप, बादल्या, बायका-पुरुष सगळे बाहेर. गच्चीवरून आवाज आला, 'इन माय ओपिनियन, लार्ज प्रोजेक्ट्स आर डिलेड बिकॉज...' खालून निवृत्त इंजिनिअर असलेल्या एका काकांनी विचारलं, "काय म्हणतोय?" कुणीतरी सांगितलं, मोठे प्रकल्प का रखडतात. झालं. पाइप हातात धरून गल्लीनं तिसरा भाग सुरू केला. पाणीयोजना 1,680 कोटींची होती ती 2,740 कोटींवर कशी गेली, अडीच मीटर व्यासाचा पाइप पैठण रस्त्यावर कसा टाकला, आधीच्या 'समांतर' योजनेचं काय झालं, ती कुणी बुडवली. कारण, उदाहरण, दुसरी बाजू, भविष्याचा अंदाज, सगळं. एका काकूंनी तर 'समजा, असं केलं असतं तर असं झालं असतं' अशी वाक्यं सलग पाच म्हटली. इंग्रजीत या वाक्यांना सात बँड मिळतात. ताश्कंदचा मुलगा फोनवर अर्धा तास ऐकत होता. शेवटी त्यानं भाच्याला विचारलं की तुमच्या गावात सगळेच परीक्षेला बसलेत का.

सगळेच नाही, पण बरेच. त्या काचेच्या खोलीत घाटी रुग्णालयातली एक सिस्टर येते. ब्रिटनमध्ये नर्स व्हायचं तर वाचणं, ऐकणं, बोलणं यांत 7 लागतात, लिहिण्यात 6.5 चालतात. रोज शेकडो माणसांशी मराठी, हिंदी, उर्दूत बोलून घसा बसलेल्या बाईची बोलण्यात कसून परीक्षा आणि लिहिण्यात सूट, हे तिला पटत नाही. नर्स-डॉक्टरांसाठी ओईटी नावाची वेगळी परीक्षाही आहे. तिच्यात रुग्णाशी संवाद करून दाखवायचा असतो. तिनं तो नमुना बघितला आणि म्हणाली, "यात पेशंटबरोबर नातेवाईकच नाहीत. मी बोलू कुणाशी?" एक पोरगा पीटीई नावाच्या तिसऱ्याच परीक्षेला बसलाय. त्याला माणूस नाही, कॉम्प्युटर ऐकतो, आणि तीन सेकंद गप्प राहिलं की माइक बंद होतो. तो आता घरीसुद्धा घास गिळायला थांबत नाही. डुओलिंगोची परीक्षा घरून देता येते म्हणून एकीनं ती घेतली. अट एवढीच की तासभर खोलीत दुसरं कुणी येता कामा नये. ज्या घरात बाथरूमच्या दारावरही 'आतमध्ये कोण?' अशी थाप पडते तिथं ही अट ज्यानं घातली तो कधी मराठवाड्यात आलेला नसावा.

आणि एक नवी नवरी आहे. नवरा लेस्टरला. ब्रिटननं 2010 च्या शेवटापासून जोडीदाराच्या व्हिसाला इंग्रजीची अट घातली. त्यासाठीची लाइफ स्किल्स ही परीक्षा फक्त ऐकण्या-बोलण्याची, पंधरा-वीस मिनिटांची, पास किंवा नापास. उमेदवार दोन-दोन बसवतात आणि एकमेकांशी बोलायला लावतात, मधेमधे परीक्षकही प्रश्न विचारतो. तिला विचारलं, भीती वाटते का? म्हणाली, "कशाची? कांदेपोहे सात वेळा झालेत. तिथंही असंच असतं, नाव सांगा, शिक्षण सांगा, छंद काय, मग तुम्ही दोघं बोला जरा. फक्त इथं निकाल लगेच सांगत नाहीत म्हणे. आमच्याकडं तर एकानं अजून सांगितलेला नाही." पंजाबात लग्नाच्या जाहिरातीत मुलीचे बँड छापतात असं सरांनी सांगितलं तेव्हा सगळा वर्ग हसला. एकटी नवरी हसली नाही. पत्रिकेत छत्तीसपैकी अठरावर लग्न लागतं, इथं बाकीच्यांना नऊपैकी साडेसहा मागतात, म्हणजे व्हिसाच महाग, असा तिचा हिशेब होता.

यात ज्याला खरोखर आठ बँड मिळावेत असा माणूस मी वेरूळला बघितलाय. कैलास लेण्यासमोर दगडी हत्ती विकतो. शाळा पाचवी-सहावीपर्यंत. 'लुकिंग इज फ्री, मॅडम' इथून सुरुवात करतो, गिऱ्हाइकाचा देश चेहऱ्यावरून ओळखतो, जपानी बाईला जपानीत नमस्कार करतो आणि हत्ती कुठल्या दगडाचा, आजोबांनी कसा कोरला, धंदा कसा बसलाय हे न अडखळता सांगतो. आजोबा खोटे, दगड बहुतेक खोटा, ओघ शंभर टक्के खरा. सरांचं सूत्र त्याला शिकवावं लागलं नाही. त्याला मी परीक्षेबद्दल सांगितलं. फी ऐकून तो म्हणाला, "अठरा हजार देऊन मीच बोलायचं? मग समोरचा काय घेणार?"

आमच्या गल्लीत आता दुसरं वारं आलंय. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी 10,000 कुशल कामगार पाठवायचा करार केला, तेव्हापासून इलेक्ट्रिशियनची पोरं जर्मनच्या वर्गाची चौकशी करतात. मेकॅनिकलवाल्या भाच्याला हे कुणी सांगू नये अशी घरात सूचना आहे. आई म्हणते, आता पुन्हा मी नव्यानं मरायची नाही.

परीक्षा पुण्याला झाली. एक्झामिनर हसतमुख बाई होत्या. गावाचं त्यानं नियमाप्रमाणं उरकलं. कार्ड आलं, 'तुम्हाला आवडणारी एक वयस्कर व्यक्ती'. पाठ केलेलं तेच आलं म्हणून याला घाम फुटला, कारण इतकं नशीब त्याच्या वाट्याला कधी आलेलं नव्हतं. कागदावर त्यानं मराठीत लिहिलं: कळशी, रझाकार, दम, उर्दू, गेली. घड्याळ त्यानं गाळलं. दोन मिनिटं पुरली नाहीत, बाईंनी थँक यू म्हटलं तेव्हा आजीचा अंत्यविधी अर्ध्यावर होता. बाईंनी पुढचा प्रश्न विचारण्याआधी 'आय ॲम सॉरी टू हिअर दॅट' म्हटलं, असं त्यानं आल्या आल्या सांगितलं. सरांनी हे वाक्य नोट्समध्ये घालून घेतलं.

निकाल आला. ऐकण्यात 7, वाचण्यात साडेसहा, लिहिण्यात 6, बोलण्यात 7. एकूण साडेसहा. घरात पेढे आले. आईनं पहिला पेढा तोंडात टाकला, सावकाश खाल्ला आणि विचारलं, "मी गेले म्हणून सात ना रे? जिती ठेवली असती तर?"

भाच्यानं प्रामाणिकपणे हिशेब केला. "साडेसहा, आजी. फार तर."

"मग बरं केलं," आई म्हणाली आणि दुसरा पेढा उचलला.